शिलेदाराचे घड्याळ

पलूसच्या बाजारपेठेतील एका घड्याळजीच्या काचपेटीत, दुरुस्तीला आलेल्या आणि धन्याने परत न नेलेल्या घड्याळांच्या दाटीत, पिवळट पडलेल्या तबकडीचे एक जुने स्विस मनगटी घड्याळ माझ्या पाहण्यात आले, आणि त्या तबकडीवर रोमन लिपीत छापलेल्या 'सोवार' या एका शब्दाच्या पाठोपाठ जाता जाता मी थेट शिवकालीन पागेच्या दारात येऊन उभा राहिलो. घड्याळ 'वेस्ट एंड वॉच कंपनी'चे. कंपनी स्विस खरी, परंतु हिंदुस्थानातील तिचा व्यापार १८८६ पासून मुंबईच्या पेढीवरून चाललेला, आणि तिच्या जुन्या तबकड्यांवर मुंबई-कलकत्ता ही नावे ठळकपणे मिरवलेली. 'सोवार' म्हणजे आपला सवार, घोडेस्वार. मजबूत, साधे, खिशाला परवडणारे, रानात आणि रणात सारखेच चालणारे जे घड्याळ आज 'फील्ड वॉच' म्हणून ओळखले जाते, त्या जातीला हे नाव अपघाताने चिकटलेले नसून त्या घड्याळाच्या कुळाशीच त्याचा सांधा जुळतो, असे माझे ठाम मत आहे, आणि ते पटवून देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

घंगाळात तरंगणारे घटिकापात्र, युरोपातील मनोऱ्यांवरची घड्याळे, मग साखळीने अंगरख्याला बांधलेले खिशातले घड्याळ, १८६५ पासून फेवर-ल्यूबासारख्या स्विस पेढ्यांनी हिंदुस्थानात मांडलेला व्यापार, हे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. वादाचा मुद्दा पुढचा आहे: पुरुषाच्या खिशातले घड्याळ मनगटावर आले कसे?

एक पक्ष सांगतो की १८८० च्या सुमारास जर्मन आरमारासाठी जिरार-पेरेगो या स्विस कारखान्याने मनगटी घड्याळे पुरवली. ही कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली असली, तरी पुराव्याच्या बाजूने ती फार लंगडी आहे. दुसरा पक्ष वैमानिक सांतोस-द्युमाँ याच्यासाठी कार्तिए यांनी १९०४ साली केलेल्या घड्याळाकडे बोट दाखवतो. ते घड्याळ सुंदर खरे, परंतु तोवर लष्करी मनगटांवर घड्याळे चढून बराच काळ लोटला होता. तिसरा पक्ष म्हणतो की हे सारे पहिल्या महायुद्धातील खंदकांचे आणि तोफखान्याचे देणे, कारण ठरल्या मिनिटाला तोफा थांबून ठरल्या मिनिटाला पायदळाने पुढे सरकायचे, तर दोघांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली हवीत. हा पक्ष बलवत्तर आहे, आणि घड्याळ लाखो मनगटांवर चढले ते तोफखान्यामुळेच, हे मला मान्य आहे. पण प्रसार ही एक गोष्ट आणि जन्म ही दुसरी. जन्माचा शोध घेऊ लागलो की आपण १८८५ च्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेकडे आणि १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धाकडे जातो, जिथे अधिकाऱ्यांनी खिशातलीच घड्याळे चामड्याच्या वाटीत बसवून पट्ट्याने मनगटाला बांधली. त्या ब्रह्मी मोहिमेत पदच्युत झालेला थिबा राजा पुढे रत्नागिरीस आणून ठेवण्यात आला आणि १९१६ साली तेथेच निवर्तला, हे महाराष्ट्राला परिचित आहे. माझा तर्क असा की मनगटी घड्याळाचा जन्म खंदकात नव्हे, तर खोगिरावर झाला. एका हातात लगाम, दुसऱ्या हातात भाला किंवा तलवार, कोटाच्या गुंड्या बंद, आणि घोडा भरधाव, अशा माणसाला खिसा चाचपण्याची सोय कुठली? बोअर युद्ध तर बव्हंशी घोड्यांच्या पाठीवरूनच लढले गेले. तेव्हा मुंबईतल्या त्या पेढीने आपल्या घड्याळाला 'सवार' म्हटले यात इतिहासाला सोडून काहीच नव्हते.

या 'सवार' शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण तेथे दोन पक्ष निर्माण होतात. संस्कृताभिमानी पक्ष 'अश्ववार' या शब्दाकडे बोट दाखवतो आणि अश्ववार, असवार, सवार, स्वार अशी सरळ उतरंड लावतो. ऐकताना ती निर्दोष वाटते. पण तिची एक कडी कच्ची आहे. घोड्याने वाहून नेलेला तो सवार, असा अर्थ घ्यायचा तर संस्कृतात 'भृ' धातूचा 'भ' दिसला पाहिजे. 'वार' हा अवयव कोठून आला हे सांगताना वैयाकरणांना 'वृ' धातूकडे धावावे लागते आणि अर्थ ओढून आणावा लागतो. उलट बाजूने पाहा. इराणात नक्श-ए-रुस्तम येथे दारयवहू सम्राटाच्या थडग्यावर कोरलेल्या लेखात 'असबार' हा शब्द आहे; तेथे सम्राट स्वतःला उत्तम असबार म्हणवून घेतो. 'अस' म्हणजे अश्व, आणि 'बार' म्हणजे वाहिलेला. पुढे पहलवीत त्याचे 'अस्वार' झाले आणि फारसीत 'सवार'. बकाराचा वकार होण्याची ही वाट इराणी भाषांच्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणून माझ्या मते संस्कृतातले 'अश्ववार' हे मूळ नसून, इराणी घोडेस्वारांबरोबर आलेल्या शब्दाला आपल्या पंडितांनी चढवलेला संस्कृत अंगरखा आहे. यात आपला काही तोटा नाही. 'अस' आणि 'अश्व', 'बार' आणि 'भार' ही सख्खी भावंडे आहेत, आणि एकाच घरातून दोन वाटांनी गेलेली ही मंडळी मराठी मुलखात पुन्हा भेटली, एवढाच त्याचा अर्थ.

गमतीचा योग असा की त्याच 'बार'पासून 'बारगीर' सिद्ध होतो. फारसीत बारगीर म्हणजे ओझे घेणारा, अर्थात घोडाच; मराठी फौजेत मात्र तो शब्द घोड्यावरून उडी घेऊन माणसावर जाऊन बसला, आणि सरकारी पागेतील घोड्यावर सरकारी हत्यार घेऊन बसणारा तो बारगीर, असे ठरले. त्याच्या उलट शिलेदार. अरबीतील 'सिलाह' म्हणजे हत्यार. ते स्वतःचे बाळगणारा, घोडाही स्वतःचाच आणणारा, आणि त्या बदल्यात बारगिरापेक्षा अधिक दरमहा घेणारा तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला अशी बांधणी सांगितलेली आहे, आणि शिलेदारांनाही पागेच्या ताबेदारीत राखले होते असे दिसते. रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी सवार, बारगीर आणि शिलेदार हे तीन शब्द लोकांच्या तोंडून हलले नाहीत.

आता या कथेतला खरा दुवा. पेशवाई बुडाल्यावर शिलेदारी बुडाली, असे आपण समजतो. ती बुडाली नाही, कंपनी सरकारने ती उचलली. १८१७ च्या पुण्याच्या तहानंतर पेशव्यांनी तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नातून जे स्वार उभे राहिले, त्यांच्यातूनच पुढे 'पूना हॉर्स' हा रिसाला झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासकडचे तीन रिसाले वगळले तर हिंदी घोडदळ सगळे 'सिल्लादार' पद्धतीचे होते. नव्या गड्याने भरती होताना आपल्या जागेसाठी जी रक्कम भरावयाची तिला इंग्रजांच्या लष्करी दफ्तरात 'असामी' म्हणत. घोडा मेला तर नवा घेता यावा म्हणून दरमहा कापला जाई तो 'चंदा'. सरकार फक्त बंदूक आणि दारूगोळा देई. घोडा, खोगीर, तलवार, कपडे, राहुटीचा खर्च हे सारे सवाराच्या पदरचे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये घोडी मरू लागली तेव्हा ही पद्धत कोलमडली, आणि १९२१ च्या फेरबांधणीत ती मोडीत निघाली.

ज्या शिपायाची सर्व सामग्री सरकारी, त्याच्या मनगटावर घड्याळ चढायचे तर ते सरकारनेच द्यायला हवे. आमच्या सातारा-सांगलीकडची माणसे बहुतेक मराठा पलटणींच्या पायदळात. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. शिपायाचा पगार दरमहा अकरा रुपये. त्यात घर चालवावे की घड्याळ घ्यावे? पण जो सवार घोड्यापासून रिकिबीपर्यंत सारे स्वतः पारखून विकत घेतो, त्याला स्वतःचे घड्याळ पारखून घेणे ही वेगळी गोष्ट वाटणार नाही. तो दागिना मागणार नाही, आणि फसवेही चालवून घेणार नाही. बळकट, वाचायला सोपे, घोड्याच्या हिसक्यांनी न थांबणारे, आणि आवाक्यातले असेच तो मागणार. फील्ड वॉचची संपूर्ण व्याख्या या एका गिऱ्हाइकाच्या गरजेत सामावलेली आहे. विलायतेतील अधिकारीही या अर्थाने शिलेदारच होते. १९१६ साली कॅप्टन लेक यांनी आघाडीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जे हस्तपुस्तक लिहिले, त्यात स्वखर्चाने न्यावयाच्या सामानाच्या यादीत पहिला जिन्नस अंधारात दिसणारे आणि न फुटणाऱ्या काचेचे मनगटी घड्याळ हा आहे.

यावर आक्षेप येईल की 'सोवार' हे केवळ व्यापारी नाव. देशी बाजारात देशी शब्द खपतो, एवढ्यापुरते ठेवलेले. आक्षेप वजनदार आहे. परंतु व्यापाऱ्याला नुसता देशी डौल हवा असता तर राजा, नबाब, महाल, मोती असे कितीतरी झगमगीत शब्द हाताशी होते. त्याने हुद्द्याने सर्वांत खालचा, पण पैसा रोख मोजणारा घोडदळी गडी निवडला. ज्याच्या नावाने माल विकायचा तोच मालाचा पारखी, हा व्यापाराचा जुना न्याय आहे.

दुसऱ्या महायुद्धात मात्र घड्याळ बारगीर झाले. अमेरिकेने एल्जिन, वॉल्थॅम, बुलोव्हा यांच्याकडून 'ए-११' घड्याळे करून घेतली. ब्रिटनने बारा स्विस कारखान्यांना एकच नमुना घालून दिला आणि पाठीवर सरकारी बाणाचे चिन्ह कोरले. काम संपले की ते परत करायचे. १९६४ साली तर अमेरिकी लष्कराने दुरुस्ती न करता फेकून देण्याजोग्या घड्याळाचा नमुना ठरवला; बारगिरीची ही परिसीमा झाली.

आपल्याकडे १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला एचएमटीचा कारखाना उभा राहिला, आणि त्यातून पुढे चावीचे 'जवान' घड्याळ निघाले: सतरा माणकांचे यंत्र, ठसठशीत आकडे, आत तेरा ते चोवीसची दुसरी ओळ. स्विस व्यापाऱ्याने 'सवार' निवडला आणि स्वतंत्र भारताच्या कारखान्याने 'जवान' निवडला. दोन्ही शब्द फारसी, दोन्ही सैन्यातल्या सर्वांत खालच्या पायरीचे, आणि 'जवान' हाही आपल्या 'युवन्'चा सख्खा भाऊ. जवान सैनिकासाठी म्हणून निघाले, पण ज्याने पगारातून पैसे साठवून ते घेतले तो, त्याला ठाऊक असो वा नसो, शिलेदारी परंपरेतलाच होता.

पलूस तालुक्यात या परंपरेला अजून काम आहे. १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वाडी वसवली, तेव्हापासून भोंग्याच्या वेळेला बांधलेली माणसे येथे आहेत; आणि शेजारीच द्राक्षांच्या बागा व उसाचे फड आहेत, जेथे विजेची पाळी रात्रीची आली की मोटर चालू करायला अंधारात बांधावरून जावे लागते. अशा माणसाने घड्याळ कसे घ्यावे? मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीनंतर बागाईतदाराचे जुने मुलाम्याचे घड्याळ हातात घेऊन पाहा: पट्टा जेथे अडकतो त्या शिंगांच्या आतल्या कडेला मुलामा उडून पितळ उघडे पडलेले असते, त्यावर हिरवट कीट धरलेले असते, आणि अंगठा फिरवला की खरखर लागते. म्हणून अंग पोलादीच घ्यावे, केवळ पाठ पोलादी असून भागत नाही. पोलाद परवडत नसेल तर फायबरचे अंग असलेले जपानी क्वार्ट्झ घ्यावे. ते कीट धरत नाही आणि एकरभर बागेच्या एक-दोन फवारण्यांच्या औषधाला लागतात तेवढ्या पैशांत येते. पाण्याच्या बाबतीत तबकडीवर ३० मीटर लिहिलेले असले तरी ते हात धुण्यापुरतेच समजावे, कारण तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. विहिरीत पोहणाऱ्याने १०० मीटरच्या खालचे घेऊच नये.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना आपण आजही 'रेडियम' म्हणतो, उसाच्या ट्रॉलीमागच्या चकाकत्या पट्टीलाही तेच नाव देतो. घड्याळात पूर्वी खरोखरच रेडियम असे, आणि तबकड्या रंगवणाऱ्या अमेरिकेतील मुलींनी त्यापायी जीव गमावले. १९९० नंतरच्या दशकात जपानमधून आलेला स्ट्रॉन्शियमयुक्त रंग निरुपद्रवी आहे, पण तो प्रकाश पिऊन मग देतो. मध्यरात्री मोटरीवर जाणाऱ्याने घराबाहेर पडण्यापूर्वी तबकडी क्षणभर बॅटरीखाली धरावी. पट्टा नायलॉनचा, घड्याळाच्या पाठीखालून एकसंध जाणारा असावा. एका बाजूची कांडी निसटली तरी घड्याळ विहिरीत पडत नाही, आणि संध्याकाळी तो धुऊन दोरीवर टाकता येतो.

ज्याला सोवार किंवा जवानच हवे असेल त्याने मात्र तबकडी आधी पाहावी. जुन्या घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून विकण्याचा धंदा मोठा आहे, आणि लालभडक, निळ्याजर्द तबकडीवरचा वाकडा 'जवान' हा बहुधा त्या धंद्यातला असतो. अस्सल तबकडीवरची अक्षरे बारीक, सरळ आणि सारख्या जाडीची असतात. ती तशी नसतील तर आतल्या यंत्राचीही खात्री धरू नये, आणि घड्याळजीकडून पाठ उघडून घेतल्याखेरीज पैसे मोजू नयेत.