झाकणाची गोष्ट

तापा म्हणजे झाकण. स्पॅनिशमध्ये 'तापार' म्हणजे झाकणे, त्याच कुळातला तापा, आणि अनेकवचन तापास. आता झाकणाचा आणि खाण्याचा काय संबंध, असं स्पेनमधल्या कुठल्याही गाइडला विचारा. तो तुम्हाला एका राजाची गोष्ट सांगेल. राजा कोणता, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं!

एक गोष्ट तेराव्या शतकातल्या दहाव्या आल्फोन्सोची. राजा आजारी पडला, वैद्यांनी वाइनबरोबर थोडं थोडं खायला सांगितलं, राजा बरा झाला आणि त्याने फर्मान काढलं की यापुढे खाण्याशिवाय दारू द्यायची नाही. दुसरी गोष्ट तेराव्या आल्फोन्सोची, म्हणजे थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. महाराज कादिझच्या किनाऱ्यावरच्या एका खानावळीत थांबले. वारा सुटलेला, वाळू उडतेय. वेटरने चलाखी करून शेरीच्या ग्लासवर हॅमची चकती ठेवली. महाराजांनी चकती खाल्ली, ग्लास रिकामा केला आणि म्हणाले, आणखी एक आण, पण झाकणासकट.

दोन्ही गोष्टी मस्त आहेत आणि दोन्हींना पुरावा नाही. आपल्याकडे संभाजीराजांच्या नावावरून सांबार आलं असं सांगतात ना, त्याच जातकुळीतल्या. लोकांनी रोजच्या गरजेतून केलेली गोष्ट कुणीतरी राजाच्या नावावर लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मला विचाराल तर झाकणाचा उगम याहून बराच साधा असणार. आंदालुसियात उकाडा, माश्या, धूळ आणि गोडसर वासाची शेरी. ग्लासवर पावाचा तुकडा किंवा मांसाची चकती ठेवायला राजाची काय गरज? स्पॅनिश भाषेच्या अकादमीने शब्दकोशात हा खाण्याचा अर्थ घेतला तो १९३० च्या दशकात, आणि तोही 'आंदालुसियातला प्रयोग' अशी नोंद करून. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी स्पेनमधल्याच बऱ्याच लोकांना तापास हा शब्द परका होता.

शब्द नवा असला तरी सवय मात्र जुनी. सेर्व्हांतेसच्या 'दोन किहोते'चा दुसरा भाग १६१५ मध्ये आला. त्यात सांचो पांझाला वाटेत यात्रेकरूंची एक टोळी भेटते. गवतावर बसून ते पिशव्यांतून पाव, मीठ, अक्रोड, चीजचे तुकडे, चघळायला हॅमची हाडं, ऑलिव्ह आणि चक्क कॅव्हिआर काढतात. आणि प्रत्येकाकडे वाइनची कातडी पिशवी. या खारट पदार्थांचं काम काय, तर तहान जागी करणं. चकणा! मराठीत याला इतका नेमका शब्द आहे की तापासचं भाषांतर करत बसायची गरजच नाही. फरक एवढाच की आपण चकण्याला कधी प्रतिष्ठा दिली नाही. स्पेनने दिली.

प्रत्येक शहराने ती आपापल्या पद्धतीने दिली, आणि मला यातलीच गंमत सगळ्यात जास्त आवडते.

सेव्हिलमध्ये एल रिंकोन्सिल्यो नावाचा बार आहे, १६७० पासूनचा. तिथे वेटर तुमचं बिल खडूने लाकडी काउंटरवरच लिहितो. तुम्ही आणखी काही मागवलंत की आकडा वाढतो, पैसे दिलेत की फडकं फिरतं. पालक आणि छोले (होय, छोलेच, जिरं घातलेले) ही तिथली प्रसिद्ध डिश. ही भाजी खाताना आंदालुसियावर शतकानुशतकं अरबांचं राज्य होतं हे वेगळं सांगावं लागत नाही. सेव्हिलमध्ये तापा विकत घ्यावा लागतो. छोटी प्लेट तापा, मोठी रासियोन, मधली अर्धी रासियोन. सरळ हिशोब.

तिथून अडीचशे किलोमीटरवर ग्रनादामध्ये तापा फुकट. बिअर मागवली की एक प्लेट येते. दुसरी मागवली की दुसरी, वेगळी. काय येणार ते बहुतेक ठिकाणी तुमच्या हातात नसतं. तिसऱ्या ग्लासानंतर जेवायची गरज उरत नाही, विद्यार्थी तर यावरच महिना काढतात. अर्थात फुकट म्हणजे फुकट नव्हे, पैसे बिअरमध्ये धरलेलेच असतात. पण शेजारच्या बारची प्लेट आपल्यापेक्षा मोठी दिसू नये ही चढाओढ गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडते. हाएन, आल्मेरिया आणि उत्तरेला लेओन इथेही हीच पद्धत.

माद्रिद राजधानी, तेव्हा तिथे सगळ्या प्रांतांचं सगळं मिळतं. पण माद्रिदच्या बारचं खरं वैशिष्ट्य मला खाण्यात नाही, राजकारणात दिसतं. पुएर्ता देल सोल या मुख्य चौकाजवळ कासा लाब्रा आहे, १८६० मध्ये सुरू झालेला, तळलेल्या बकालाव माशासाठी प्रसिद्ध. २ मे १८७९ रोजी तिथे काही मंडळी मेजवानीच्या निमित्ताने जमली. त्यांत निम्म्याहून जास्त छापखान्यातले कामगार होते आणि पाब्लो इग्लेसियास नावाचा टायपोग्राफर पुढाकार घेत होता. (गेल्या दशकात पोदेमोस पक्षामुळे गाजलेला पाब्लो इग्लेसियास वेगळा. नावाचा योगायोग नाही, आईवडिलांनी ठरवून ठेवलंय.) कामगारांच्या राजकीय संघटनेला तेव्हा उघड वाव नव्हता, म्हणून हा गुपचूप मामला. त्या बैठकीतून स्पॅनिश समाजवादी कामगार पक्ष जन्माला आला. या पक्षाने लोकशाही स्पेनला आतापर्यंत तीन पंतप्रधान दिले. दारावर तशी पाटी आहे. आत उभे राहून मासा खाणाऱ्यांपैकी कितीजण ती वाचतात, देव जाणे.

आता आमच्या धंद्यातला विषय, टाइमझोन!

स्पेनमध्ये लोक रात्री दहाला जेवतात याबद्दल सगळे हसतात. पण नकाशा बघा. ग्रीनिचची रेखा स्पेनच्या पूर्वेकडच्या कडेवरून जाते, म्हणजे जवळजवळ अख्खा देश लंडनच्या पश्चिमेला किंवा सरळ रेषेत. तरी घड्याळ मात्र बर्लिनचं. १९४० च्या मार्चमध्ये फ्रँकोच्या सरकारने घड्याळं एक तास पुढे केली आणि ती परत मागे आलीच नाहीत. उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. त्यामुळे जुलैमध्ये सेव्हिलला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी जवळपास अडीचला. रात्री दहाचं जेवण म्हणजे सूर्याच्या हिशोबाने साडेसात-पावणेआठ. आमच्या शेड्युलरमध्ये असा बग कुणी ऐंशी वर्षं ठेवला असता तर नोकरी गेली असती, पण एका देशाने त्याभोवती अख्खी जीवनपद्धती उभी केली. ऑफिस सुटणं आणि जेवण यांच्यात जी दोन-तीन तासांची पोकळी राहते, ती भरायला बार. तापास काही घड्याळामुळे जन्मले नाहीत, ते आधीपासून होतेच. पण या घड्याळाने त्यांना हक्काची वेळ दिली.

त्याच काळाची दुसरी बाजू मात्र हसण्यासारखी नाही. यादवी युद्ध १९३९ मध्ये संपलं आणि रेशनकार्डं आली, ती १९५२ पर्यंत राहिली. त्या सुरुवातीच्या वर्षांना स्पॅनिश लोक 'भुकेची वर्षं' म्हणतात. काळाबाजार, डाळी-पावाच्या रांगा, उपासमारीने मेलेली माणसं. अशा वेळी काउंटरवरचा चमचाभर पदार्थ ही चैन नव्हती. गंमत म्हणजे (गंमत कसली!) याच काळात बटाटा आणि मेयोनीजच्या 'रशियन सॅलड'मधलं रशिया नवीन राज्यकर्त्यांना खुपायला लागलं आणि मेनूवर त्याचं 'राष्ट्रीय सॅलड' झालं. पोट रिकामं असलं की नावं बदलायला जोर येतो, हे काही स्पेनपुरतं नाही.

आणि त्याच दशकात उत्तरेत, बास्क प्रांतातल्या सान सेबास्तियानमध्ये, कासा व्हायेस नावाच्या बारमध्ये एका टूथपिकवर हिरवी आंबवलेली मिरची, ऑलिव्ह आणि खारवलेला अँचोव्ही मासा ओवला गेला. नाव पडलं 'गिल्दा'. रिटा हेवर्थचा त्याच नावाचा सिनेमा १९४६ चा. पाद्र्यांनी त्याला अश्लील ठरवलं होतं, म्हणजे सगळ्यांनी पाहिला असणारच. हा पदार्थ हिरवा, खारट आणि जरासा तिखट, आणि स्पॅनिशमध्ये 'हिरवा'चा दुसरा अर्थ चावट. सेन्सॉरच्या नाकावर टिच्चून मिरचीने केलेला विनोद!

तिथे तापास म्हणायचं नाही हां, पिंचोस म्हणायचं. मित्रांची टोळी एका बारमध्ये एक छोटा ग्लास आणि एक पिंचो घेते, की पुढच्या बारकडे. बसायचं नाही. पूर्वी टूथपिक मोजून बिल करायची पद्धत सर्रास होती, सगळा मामला विश्वासावर. आता बऱ्याच ठिकाणी खाताना तिथल्या तिथे सांगावं लागतं. या शहरात १८७० पासून पुरुषांच्या स्वयंपाक-मंडळ्या आहेत, जिथे बाप्ये स्वतः रांधतात. बायकांना मात्र तिथे कितीतरी दशकं प्रवेश नव्हता. बास्क पुरुष किती छान स्वयंपाक करतात याचं कौतुक ऐकताना मला दर वेळी ही गोष्ट आठवते आणि कौतुक थोडं पातळ होतं.

असो. मुद्द्याचं सांगायचं तर या सगळ्याचा आधार होता भाडं.

जुन्या तावेर्ना शहरांच्या मध्यभागी टिकल्या कारण त्यांची भाडी गोठलेली होती. मुंबईकरांना पागडी सांगायला नकोच. आजोबांनी घेतलेली जागा, नातवाकडे तेच भाडं. १९८५ पूर्वीच्या अशा करारांसाठी १९९४ च्या कायद्याने मुदत घालून दिली, आणि त्यातल्या कितीतरी दुकानांची, बारांची मुदत २०१४ च्या शेवटच्या दिवशी संपली. १ जानेवारी २०१५ पासून बाजारभाव. माद्रिद-बार्सिलोनात जुन्या जागा पटापट बंद झाल्या आणि तिथे साखळीतली कपड्यांची दुकानं आली. घरमालक चूक होता असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या भाड्यात इमारतीची डागडुजीसुद्धा होत नाही. पण पर्यटक ज्या बारच्या ओढीने येतात, तोच बार पर्यटकांमुळे वाढलेल्या भाड्याने बंद पडतो, हे गणित अजून कुणाला सुटलेलं नाही. स्थानिकांची घरं लहान, त्यामुळे बार हाच त्यांचा दिवाणखाना. तो गेला की माणसं भेटायची कुठे? ६ जुलै २०२४ रोजी बार्सिलोनात मोर्चेकऱ्यांनी टेबलांवर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, तेव्हा जगभर त्याची चेष्टा झाली. मला तेव्हा ती खडूने लिहिलेली बिलं आठवली, आणि हसू काही आलं नाही.

बार्सिलोनाचं मुख्य राहिलंच. बार्सेलोनेता या कोळ्यांच्या वस्तीत १९४४ मध्ये ला कोव्हा फुमादा नावाची, दारावर पाटीसुद्धा नसलेली खानावळ सुरू झाली. तिथे 'बोंबा' जन्मला असं मानतात. बोंबा म्हणजे बॉम्ब. उकडलेल्या बटाट्याचा गोळा, आत थोडं मांस, बाहेर पावाचा चुरा, तळलेला, वर लसणाचा पांढरा सॉस आणि लाल तिखट सॉस. एकेकाळी बार्सिलोना अराजकवाद्यांचं शहर होतं, १८९३ मध्ये त्यांनी तिथल्या ऑपेरा हाउसात बॉम्ब टाकला होता आणि वीसेक माणसं गेली होती. आकार त्याच गोल बॉम्बचा म्हणून नाव तेच. दिसायला हा थेट आपला वडा, तेव्हा मराठी माणसाने पहिला घास घेताना बेसन शोधू नये. बटाटा मात्र दोघांचा एकाच ठिकाणाहून आला, दक्षिण अमेरिकेतून. स्पॅनिश लोक त्याला 'पताता' म्हणायला लागले, पोर्तुगीज 'बताता', आणि पोर्तुगीजांच्या जहाजातून तो शब्द आपल्याकडे उतरला. लाल सॉसमधली मिरचीही तिकडचीच. आपला वडा बिचारा चटणी घेऊन पावात जाऊन बसला, त्यांचा प्लेटमध्ये राहिला, एवढंच.