यवतमाळ जिल्ह्यातील तंबाखूविरोधी प्रबोधन : कीर्तन ते पथनाट्य

दुर्गोत्सवाचा मांडव, रक्तदान शिबिर किंवा महाप्रसादाची पंगत अशा प्रसंगी यवतमाळ जिल्ह्यातील विद्यार्थी तंबाखूविरोधी पथनाट्य करताना दिसतात. हा प्रकार सरकारी आरोग्यमोहिमांतून उपजला असे वरवर वाटत असले, तरी धर्मादायाला प्रबोधनाची जोड देण्याची रीत वऱ्हाडात त्याहून बरीच जुनी आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा (1876–1956) दिवसा गाव झाडून काढीत, रात्रीच्या कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून व्यसनाची कबुली त्यांच्या तोंडून वदवून घेत आणि गोरगरिबांना अन्नदान घडवीत. तर यावलीचे तुकडोजी महाराज (1909–1968) खंजिरीच्या साथीने भजनांतून तोच विषय गावोगावी नेत असत.

मात्र या प्रबोधनात रोख प्रामुख्याने दारूवर राहिला आणि तंबाखू मागे पडली. त्यामागे सामाजिक कारण होते. दारूने त्याच रात्री घर विस्कटते, तंबाखूचा हिशेब पुष्कळ वर्षांनी होतो. शिवाय तंबाखू हा शिष्टाचाराचाच भाग होता. चंची, म्हणजे पान, सुपारी, चुना आणि तंबाखू ठेवण्याची कप्प्यांची कापडी पिशवी, पाहुण्यापुढे सरकवणे हे आदरातिथ्य मानले जाई आणि शेतमजूर भूक मारण्यासाठी चिमूटभर मळून दाढेखाली धरीत असे. ज्या वस्तूने परक्याशी बोलणे सुरू होते, तिला व्यसन म्हणणे प्रबोधनकारालाही जड गेले असावे.

राष्ट्रीय सेवा योजना 1969 मध्ये सुरू झाली आणि महाविद्यालयीन विद्यार्थी श्रमदानाच्या शिबिरांसाठी खेड्यांत मुक्कामाला जाऊ लागले. सकाळी ग्रामसफाई आणि संध्याकाळी करमणुकीतून उपदेश हा त्या शिबिरांचा क्रम गाडगेबाबांच्या दिनक्रमाशी इतका जुळतो की 1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचेच नाव मिळाले, हे उचितच म्हणावे लागेल.

तंबाखू अग्रभागी आली ती वस्तूच बदलल्यामुळे. चंचीची जागा गुटख्याच्या पुडीने आणि विदर्भाच्या खास खर्र्याने घेतली. खर्रा म्हणजे सुपारीची भरड, सुगंधी तंबाखू आणि चुना हे प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेले मिश्रण. तो पानठेल्यावर गिऱ्हाइकासमोर तयार होतो आणि शाळकरी मुलाच्या खिशालाही परवडतो. यातील सुपारी निरुपद्रवी, हा समज दीर्घकाळ टिकला. वस्तुतः तोंडाच्या आतील अस्तर ताठर होऊन जबडा उघडेनासा होणाऱ्या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. जोशी यांनी 1953 मध्येच केले होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. तोंडात स्वतःची उभी तीन बोटे मावतात का, हे पाहण्याची साधी चाचणी या विकाराच्या संशयासाठी उपयोगी पडते आणि प्रेक्षकांतील कोणालाही जागच्या जागी करून पाहता येते, म्हणून पथनाट्यासाठी ती घोषणांहून अधिक परिणामकारक ठरावी. पुढच्या उपचारांसाठी विदर्भातील रुग्ण नागपूरच्या ज्या कर्करोग रुग्णालयांत जातात, त्यांतील एक तुकडोजी महाराजांच्याच नावाचे आहे.

कायद्याने या मोहिमांना आधार दिला. 2003 च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या (सुमारे 91 मीटर) आत ती विकणे निषिद्ध ठरवले, तर महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आणली. तरीही मोहिमेच्या चित्रांत अनेकदा सिगारेटच दिसते, हा मोठा दोष आहे. कारण 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी 24.4 टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के होते. (जिल्ह्याचा धुराशी खरा संबंध वेगळाच आहे : उन्हाळ्यात येथील जंगलांत तोडला जाणारा तेंदूपत्ता विडीच्या वेष्टनासाठी जातो आणि त्या मजुरीवर अनेक आदिवासी कुटुंबे विसंबून असतात.)

एप्रिल 2016 पासून तंबाखूच्या पाकिटाच्या 85 टक्के दर्शनी भागावर रोगाचा सचित्र इशारा छापणे बंधनकारक झाले. परंतु पानठेल्यावर घोटलेला खर्रा कोऱ्या पन्नीत बांधून दिला जात असल्यामुळे, खाणाऱ्याच्या हाती पडताना त्यावर कोणतेही चित्र नसते, आणि असे चित्र त्याच्या दृष्टीस पडलेच तर ते बहुधा विद्यार्थ्यांनी मांडवात लावलेल्या फलकावरचे असते.