जमाखर्चाचा काटा : जुन्या मालमोटारींतील ॲमीटर

आमच्या सावंगी (मेघे) गांवाभोंवतालचा मुलूख कापसाचा. हा कापूस बैलगाडींतून मालमोटारींत चढला, तेव्हां गाडीवानाच्या कासऱ्याची जागा ड्रायव्हरपुढील काट्यांनीं घेतली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून पुढें डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडल्या. तसल्या जुन्या गाड्या हौशी मंडळी आज पुन्हां चालत्या करतात. आणि डॅशबोर्डावरील ॲमीटर काढून तेथें व्होल्टमीटर बसवावा काय, असा प्रश्न उद्भवतो. त्याचें उत्तर इतिहासांत आहे.

जुन्या गाडींत वीज डायनॅमो देई. इंजिन मंद चालूं लागलें कीं त्याची वीज आटे, आणि दिव्यांचा भार बॅटरीवर पडे. म्हणून बॅटरींत वीज जमा होते कीं खर्च, हें ड्रायव्हरास क्षणोक्षणीं कळणें अवश्य होतें. ॲमीटर हा जणूं पेढीच्या दारांतील कारकून. येणारा-जाणारा प्रत्येक रुपया त्याच्या हातून जावयाचा. स्टार्टरचा प्रचंड प्रवाह तेवढा वगळलेला असे.

१९६० सालीं अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें आपल्या व्हॅलियंट मोटारींत अल्टरनेटर बसविला. तो मंद गतींतही पुरेशी वीज देतो. पुढें गाड्यांतील विजेचीं उपकरणें वाढलीं, प्रवाह वाढला, आणि तो सारा ॲमीटरच्या दोन स्क्रूंतून नेणें धोक्याचें ठरूं लागलें. स्क्रू सैल झाला कीं तार तापते; प्रसंगीं आगही लागते. व्होल्टमीटर मात्र बाजूस उभा राहून विजेचा दाब पाहतो. त्यांतून नांवापुरताच प्रवाह जातो. बारा व्होल्टांची भरलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ दाखविते, व इंजिन चालतांना काटा चौदाच्या आसपास असावा.

परंतु ॲमीटरच्याच तारा व्होल्टमीटरला जोडणें ही घोडचूक होय; तो प्रवाहाची वाटच अडवितो. प्रथम बॅटरी सोडवावी. ॲमीटरच्या दोन तारा एकमेकींस घट्ट जोडून त्यांवर विद्युत्‌रोधक आवरण घालावें. व्होल्टमीटरचें एक टोंक किल्लीनंतरच्या तारेस फ्यूजमधून जोडावें, दुसरें गाडीच्या सांगाड्यास. मोठा अल्टरनेटर बसविला असेल, तर त्यापासून बॅटरीपर्यंत फ्यूजसह जाड तार स्वतंत्र न्यावी.

मूळ डायनॅमो शाबूत असेल व जोड घट्ट असतील, तर ॲमीटर खुशाल राहूं द्यावा. बदलावाच लागला, तर काढलेला काटा भंगारांत न घालतां गाडीबरोबर जपून ठेवावा. सुरक्षितपणासाठीं वस्तु बदलली, तरी तिचा इतिहास पुसण्याचें कारण नाहीं.