दार्दानेल्स मोहिमेची नियोजनविषयक कागदपत्रे

पहिल्या महायुद्धात ब्रिटन व फ्रान्स यांनी १९१५ साली ओटोमन साम्राज्याविरुद्ध दार्दानेल्सची सामुद्रधुनी आणि गॅलिपोली द्वीपकल्प येथे नौदलाची व भूसेनेची मोहीम केली. या मोहिमेच्या आखणीसंबंधीच्या तारा, पत्रे, टाचणे, बैठकांची इतिवृत्ते, नकाशे आणि चौकशी आयोगापुढील साक्षी यांचा समावेश दार्दानेल्स मोहिमेच्या नियोजनविषयक कागदपत्रांत होतो. त्यांपैकी बहुतेक कागद लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नौदल आणि भूसेना यांची एकत्रित योजना प्रत्यक्ष लढाईपूर्वी कधी तयार झाली होती काय, हा या मोहिमेविषयीचा मूळ प्रश्न असून त्याच्या निर्णयासाठी ही अव्वल दर्जाची साधने आहेत.

पार्श्वभूमी

एजियन समुद्र व मार्मारा समुद्र यांना जोडणारी दार्दानेल्सची सामुद्रधुनी सुमारे ६० किलोमीटर लांब असून चानाक्काले येथे तिची रुंदी जेमतेम सव्वा किलोमीटर आहे. तिच्या उत्तरेस गॅलिपोली द्वीपकल्प आणि दक्षिणेस आशियाचा किनारा आहे. ही वाट खुली झाल्यास कॉन्स्टँटिनोपल तोफांच्या टप्प्यात येईल आणि रशियाशी सागरी दळणवळण सुरू होईल, असा दोस्त राष्ट्रांचा हिशेब होता. मात्र केवळ जहाजांच्या बळावर ही सामुद्रधुनी जिंकण्याविषयी ब्रिटिश लष्करी वर्तुळात युद्धापूर्वीपासून शंका होती. १९०६ साली साम्राज्य संरक्षण समितीपुढे आलेल्या टिपणांत या कामातील धोके नोंदविलेले आहेत.

आखणीचा क्रम

१९१५ च्या जानेवारीच्या आरंभी कॉकेशसमधील तुर्की दबाव कमी करण्यासाठी तुर्कस्तानविरुद्ध काही हालचाल करावी, अशी रशियाची विनंती पेट्रोग्राडहून लंडनला पोहोचली. युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांना पत्राने कळविले की सैन्य उपलब्ध नाही. शक्तिप्रदर्शनाचा काही उपयोग होण्यासारखे ठिकाण असेल तर ते दार्दानेल्सच.

३ जानेवारीचे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला कागद म्हणजे नौदलप्रमुख ॲडमिरल जॉन फिशर यांचे चर्चिल यांना लिहिलेले पत्र. फ्रान्समधील भारतीय सैन्य व ७५,००० कसलेले सैनिक हलवावेत, ग्रीस व बल्गेरिया यांना सोबत घ्यावे आणि त्याच वेळी जुन्या युद्धनौकांनी सामुद्रधुनीत घुसावे, अशी संयुक्त हल्ल्याची सूचना त्यात होती. दुसरा कागद म्हणजे चर्चिल यांनी पूर्व भूमध्य समुद्रातील व्हाइस ॲडमिरल सॅकव्हिल कार्डन यांना पाठविलेली तार. केवळ जहाजांच्या साहाय्याने सामुद्रधुनीतून मार्ग काढणे शक्य आहे काय, एवढाच प्रश्न तीत होता. फिशर यांच्या सूचनेतील जहाजांचा भाग पुढे चालला आणि सैन्याचा भाग मागे पडला.

कार्डन यांनी ५ जानेवारीला उत्तर दिले. एका धडकेत मार्ग काढणे शक्य नाही, परंतु पुष्कळ जहाजे घेऊन दीर्घकाळ कारवाई केल्यास ते साधू शकेल, असा त्याचा आशय होता. ११ जानेवारीला त्यांनी टप्प्याटप्प्याची योजना पाठविली. प्रथम मुखाशी असलेले किल्ले, नंतर आतील तोफा, मग चिंचोळ्या भागातील किल्ले आणि शेवटी सुरुंग दूर करून मार्मारा समुद्रात प्रवेश, असा तिचा क्रम होता. या कामास सुमारे एक महिना लागेल, असा त्यांचा अंदाज होता.

१३ जानेवारीला युद्ध परिषदेने ॲडमिरल्टीला फेब्रुवारीतील नौदल मोहिमेची तयारी करण्यास सांगितले. गॅलिपोली द्वीपकल्पावर मारा करून ते ताब्यात घ्यावे व कॉन्स्टँटिनोपल हे अंतिम उद्दिष्ट ठेवावे, असा निर्णय परिषदेचे सचिव मॉरिस हँकी यांच्या नोंदींत आहे. जहाजे द्वीपकल्प ताब्यात कसे घेणार, या प्रश्नाचे उत्तर त्या निर्णयात नाही. बैठकीस उपस्थित असलेल्या ॲडमिरल फिशर यांनी आक्षेप नोंदविला नाही. मंत्र्यांनी हे मौन संमती समजले. विचारल्याशिवाय मत देणे आपले काम नव्हे, अशी तज्ज्ञांची समजूत होती. चौकशी आयोगाने पुढे याच बाबीवर बोट ठेवले.

भूसेनेचा प्रश्न

१६ फेब्रुवारीला २९ वी डिव्हिजन पूर्व भूमध्य समुद्राकडे पाठविण्याचे ठरले. त्यानंतर किचनर यांनी ती रोखून धरली आणि १० मार्चला पुन्हा मुक्त केली. दरम्यान १९ फेब्रुवारीला नौदलाचा मारा सुरू झाला होता. जनरल सर इयन हॅमिल्टन यांची नेमणूक १२ मार्चला झाली व दुसऱ्याच दिवशी ते निघाले. त्यांना मिळालेली माहिती तुटपुंजी व जुनी होती, आणि युद्ध कार्यालयाच्या जनरल स्टाफने भूसेनेच्या कारवाईची तपशीलवार योजना तयार केलेली नव्हती.

१८ मार्चच्या मुख्य हल्ल्याच्या वेळी आजारी कार्डन यांच्या जागी व्हाइस ॲडमिरल जॉन द रोबेक होते. नुसरेत या तुर्की नौकेने ८ मार्चला पेरलेल्या सुरुंगांच्या रांगेचा दोस्तांना पत्ता नव्हता. बूव्हे, इर्रेझिस्टिबल व ओशन या तीन युद्धनौका त्या दिवशी बुडाल्या. २२ मार्चला क्वीन एलिझाबेथ नौकेवर द रोबेक व हॅमिल्टन यांची भेट झाली आणि सैन्य उतरविल्यावरच पुढे जायचे ठरले. १९ मार्च ते १४ मे या काळात युद्ध परिषदेची एकही बैठक झाली नाही; म्हणजे २५ एप्रिलच्या सैन्यावतरणाचा परिषदेत एकत्रित विचार झालाच नाही. जानेवारी १९१६ पर्यंत चाललेल्या या मोहिमेत दोन्ही बाजूंचे मिळून एक लाखाहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले.

चौकशी आयोग

१९१६ साली मोहिमेची कागदपत्रे संसदेपुढे मांडण्याचे आश्वासन सरकारने दिले. युद्ध चालू असताना तसे करणे अहितकारक ठरेल, या कारणाने ते मागे घेण्यात आले आणि त्याऐवजी कायदा करून चौकशी आयोग नेमण्यात आला. लॉर्ड क्रोमर हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. जानेवारी १९१७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर सर विल्यम पिकफर्ड अध्यक्ष झाले. किचनर जून १९१६ मध्येच बुडालेल्या हॅम्पशायर नौकेवर मरण पावले होते. त्यामुळे एका प्रमुख निर्णयकर्त्याची बाजू केवळ त्याच्या कागदांतून व इतरांच्या साक्षींतून समजून घ्यावी लागते. आयोगाचा पहिला अहवाल १९१७ साली व अंतिम अहवाल १९१९ साली प्रसिद्ध झाला.

याच कायद्याने मेसोपोटेमिया मोहिमेसाठीही आयोग नेमला गेला. कुत येथे एप्रिल १९१६ मध्ये शरण गेलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्यामुळे महाराष्ट्राच्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांना हे दप्तर उपयोगी आहे.

संग्रह

क्यू येथे आयोगाची कागदपत्रे ‘कॅब १९’, युद्ध परिषद व तिच्यानंतरच्या समित्यांची कागदपत्रे ‘कॅब ४२’, ॲडमिरल्टीची ‘एडीएम १३७’ आणि पलटणींच्या युद्धदैनंदिन्या ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकांत आहेत. गॅलिपोलीवर लढलेल्या २९ व्या भारतीय ब्रिगेडच्या हालचालींचा माग युद्धदैनंदिन्यांतून लागतो. या ब्रिगेडमध्ये शीख व गुरखा पलटणी होत्या. चर्चिल, फिशर, हँकी व द रोबेक यांचे खासगी कागद केंब्रिजच्या चर्चिल महाविद्यालयात, तर हॅमिल्टन यांचे कागद लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आहेत. तुर्की बाजूची लष्करी कागदपत्रे अंकारा येथे आहेत. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने सरकारी कागद ५० वर्षांनी खुले होत असत. १९६७ च्या दुरुस्तीने ही मुदत ३० वर्षांवर आली.

साधन म्हणून मूल्य

या कागदपत्रांचे दोन वर्ग पाडावे लागतात. जानेवारी ते एप्रिल १९१५ मधील तारा व पत्रे त्या त्या क्षणी, परिणाम ठाऊक नसताना लिहिलेली आहेत. आयोगापुढील साक्षी व नंतरची आत्मसमर्थने अपयशानंतरची असून प्रत्येकाला स्वतःचा बचाव करावयाचा होता. इतिवृत्तांनाही मर्यादा आहेत. ती एका सचिवाच्या टिपणांवर आधारलेली असून उपस्थितांनी न बोललेले विचार त्यांत येत नाहीत. म्हणून साक्षीतील विधान मान्य करण्यापूर्वी ते समकालीन तारेशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. तसे पाहिले असता नौदल व भूसेना यांची एकत्रित लेखी योजना १८ मार्चपूर्वी झाली नव्हती आणि ‘शक्य आहे काय’ या प्रश्नाचे दहा दिवसांत निर्णयात रूपांतर झाले, हे स्पष्ट होते.