चाकूवरचा मुकुट

नवे घडीचे चाकू जमवणे हा माझा जुना छंद. त्यांत 'ओपिनेल' विशेष लाडका. तो सॅव्हॉयचा. आल्प्समधला हा सीमाप्रांत १८६० साली सार्डिनियाच्या राजाकडून फ्रान्सकडे गेला. तिथे १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलने लाकडी मुठीचा हा साधा चाकू घडवला. १९०९ साली पात्यासाठी शिक्का निवडला, तो जवळच्या सेंट-जाँ-द-मोरिएन गावच्या चिन्हातला हात, आणि त्यावर जुन्या सॅव्हॉय संस्थानचा मुकुट. राज्य बदलून ४९ वर्षे झाली होती! सीमाभागातल्या वाचकाला याहून अधिक काय सांगावे? पावसाळ्यात मूठ फुगून पाते अडते. मग मुठीचे टोक टेबलावर ठोकायचे. या युक्तीलाही फ्रेंच लोक 'सॅव्हॉयवाल्याचा ठोका' म्हणतात.