बाकी शून्य

आज एक जुनं देणं फेडायचं आहे.

मी मराठी आणि इतिहास शिकवायचो. निजामशाहीचा धडा आला की छाती पुढे काढून सांगायचो, "पोरांनो, २८ मे १४९० ची लढाई आपल्या भिंगारजवळ झाली आणि त्यातून नगर शहर उभं राहिलं." आणि त्याच दमात, "त्याच काळात कोकणात नांदगावला गणेश दैवज्ञ ग्रहांचं गणित करत होते." एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, ते गणित करून दाखवा ना." मी त्याला दटावून खाली बसवलं. खरं कारण एवढंच की ते मला येत नव्हतं.

आता वेळच वेळ आहे. शं. बा. दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) पुन्हा काढलं, शेजारी गणेश दैवज्ञांचं 'ग्रहलाघव' ठेवलं, आणि पाटीऐवजी वहीचं मागचं पान घेतलं.

ग्रहलाघवाचा आरंभ शके १४४२, म्हणजे सन १५२०. तेव्हा नगरला बुऱ्हाण निजामशहा गादीवर होता. भास्कराचार्यांसारखे आधीचे ग्रंथकार ग्रहांची स्थाने काढायला ज्या, म्हणजे आजच्या भाषेत साईन, वापरत. गणेशांनी ज्या टाळल्या. दर १५ अंशांना तयार आकडे दिले, मधलं त्रैराशिकाने काढायचं. कोणताही एक सिद्धांत डोळे मिटून धरला नाही. कुठला ग्रह सूर्यपक्षाचा, कुठला आर्यपक्षाचा, कुठला ब्रह्मपक्षाचा, जो आकाशाशी जुळेल तो घेतला, नाही जुळला तर त्यात दुरुस्ती केली.

दुसरी युक्ती अहर्गणाची. अहर्गण म्हणजे आरंभापासून गेलेले दिवस. सिद्धांतग्रंथांत ही संख्या अवाढव्य होते. गणेशांनी ११ वर्षांचं एक चक्र धरलं, ४०१६ दिवसांचं. चक्रे बाजूला मोजायची, उरलेल्या थोड्या दिवसांचं गणित करायचं.

मी शके १९४८ चा पाडवा घेतला. १९४८ मधून १४४२ वजा, राहिले ५०६. त्याला ११ ने भाग दिला तर चक्रे ४६ आणि बाकी शून्य! एकटाच हसलो.

पुढे रीत अशी. चक्राची दुप्पट ९२, त्यात १० मिळवून १०२, त्याला ३३ ने भागून अधिकमास ३. पाडवा असल्याने वर्षातले गतमास शून्य, म्हणून एकूण महिने ३. गुणिले ३०, झाले ९०. गेलेल्या तिथी शून्य. चक्राचा सहावा भाग ७ मिळवला, ९७. त्याला ६४ ने भागून क्षयदिवस १, तो वजा. अहर्गण ९६.

पडताळा वाराचा. चक्राची पाचपट २३०, अधिक ९६, झाले ३२६. सातने भागून बाकी ४. सोमवार शून्य धरून मोजलं तर शुक्रवार. पंचांगात १९ मार्च २०२६, गुरुवार. एका दिवसाचा फरक पडला तर वार पाहून एक कमीजास्त करायची मुभा परंपरेत आहे. मी एक वजा केला, ९५, वार जुळला. वही मिटली.

रात्री झोप येईना. पंचांगात त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे पासून. पाडव्याला तो यायचाच होता! भागाकाराने सरासरीचा अधिकमास आधीच मोजला होता. तो काढून अधिकमास २ धरले तर अहर्गण ६६, वार बुधवार. एक मिळवला, ६७, गुरुवार. म्हणजे ९५ ही चूक आणि ६७ हे उत्तर, आणि वार दोन्हीकडे गुरुवारच, कारण फरक नेमका २८ दिवसांचा.

सकाळी नातवाला संगणकावर मोजायला लावलं. आरंभाचा दिवस जुन्या युरोपीय पंचांगाने १९ मार्च १५२०, सोमवार. तिथून १,८४,८०३ दिवस. ४६ गुणिले ४०१६ अधिक ६७ केलं तर तेवढेच येतात. एका दिवसाचाही फरक नाही.

५०६ वर्षांनी रीत चुकली नाही, चुकलो मी. उत्तर जुळल्यासारखं दिसलं आणि वही मिटली. वर्गातही तेच करत आलो होतो. पूर्वजांची थोरवी सांगायची, त्यांची आकडेमोड मात्र कधी करायची नाही. गणेशांनी स्वतः मात्र प्रत्येक आकडा आकाशाला विचारून घेतला होता.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता पन्नाशीत असेल. बाबा रे, आज करून दाखवलं. उशीर झाला, त्याची माफी असावी.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.