रुग्णालयीन केस मॅनेजर : एका व्यवसायाची ऐतिहासिक वाटचाल आणि सद्यःस्थितीतील आव्हाने
(संगमनेर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

रुग्णालयात येणारा रुग्ण केवळ आजार घेऊन येत नाही. घरची परिस्थिती, बुडणारी मजुरी, सोबत आलेल्या नातेवाइकांच्या राहण्या-जेवणाची विवंचना आणि घरी परतल्यानंतरच्या औषधपाण्याचा प्रश्न हे सारे त्याच्याबरोबर येते. डॉक्टर आजाराकडे पाहतात, परिचारिका शुश्रूषा करतात. परंतु या दोहोंच्या पलीकडे उरणारी कामे कोणाची, हा प्रश्न आधुनिक रुग्णालयाइतकाच जुना आहे. पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाला मिळालेले अलीकडचे उत्तर म्हणजे ‘केस मॅनेजर’ होय. महाराष्ट्रात हे पदनाम काही मोठ्या खासगी रुग्णालयांपुरतेच मर्यादित असले, तरी ते काम मात्र येथे दीर्घकाळापासून चालत आलेले आहे. वैद्यकीय समाजसेवक, समाजसेवा अधीक्षक, प्रत्यारोपण समन्वयक आणि आरोग्यमित्र ही त्याच कामाची निरनिराळ्या काळातील नावे आहेत.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) या व्यवसायाच्या उगमाचा व महाराष्ट्रातील विकासाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) संगमनेर परिसरातील रुग्णांच्या संदर्भात या सेवेचे स्थान तपासणे.
३) व्यावसायिक विकासापुढील सद्यःकालीन आव्हानांचा परामर्श घेणे.

या व्यवसायात आरंभापासून दोन कामे एकत्र नांदत आली आहेत. एक म्हणजे रुग्णाची पात्रता तपासण्याचे आणि दुसरे म्हणजे रुग्णाला सोबत करण्याचे. या दोहोंतील तोल प्रत्येक कालखंडात बदलत गेला. आजची आव्हाने समजून घेण्यासाठी हा बदल लक्षात घेणे आवश्यक ठरते.

उगम : तपासणीकडून सोबतीकडे

इ. स. १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्टुअर्ट यांची ‘लेडी आमनर’ या पदावर नियुक्ती झाली. ही रुग्णालयीन समाजकार्याची सुरुवात मानली जाते. या नियुक्तीमागील प्रमुख हेतू मात्र रुग्णसेवेचा नव्हता. ज्यांना खर्च परवडतो अशा व्यक्ती मोफत बाह्यरुग्ण सेवेचा गैरफायदा घेतात, अशी त्या काळी तक्रार होती. तो रोखण्यासाठी हे पद निर्माण झाले. म्हणजेच या व्यवसायाचा जन्म दारात उभे राहून गरिबीची खातरजमा करण्यातून झाला. प्रत्यक्ष काम करताना दिसले ते वेगळेच. फसवणारे थोडे आणि खरोखर गरजू असूनही मदतीचा मार्ग ठाऊक नसणारे अधिक, असा अनुभव येऊ लागला आणि कामाचा रोख हळूहळू साहाय्याकडे वळला.

अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९०५ मध्ये समाजसेवेचा प्रारंभ केला. घरची परिस्थिती जाणल्याशिवाय निदान अपुरे राहते आणि उपचार वाया जातात, अशी त्यांची भूमिका होती. इडा कॅनन यांनी पुढे या कामाला शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड दिली. येथे सोबतीचे काम प्रथमच वैद्यकीय उपचाराचे अंग म्हणून मांडले गेले.

याच अमेरिकेत १९८३ नंतर काटा पुन्हा दुसऱ्या बाजूस झुकला. मेडिकेअर योजनेने आजाराच्या वर्गवारीनुसार पूर्वनिश्चित रक्कम देण्यास सुरुवात केली. रुग्ण जितके अधिक दिवस राहील तितका रुग्णालयाचा तोटा, असे समीकरण तयार झाले. या गरजेतून ‘हॉस्पिटल केस मॅनेजर’ या पदाचा झपाट्याने प्रसार झाला. तथापि तेथील व्यवसायाने स्वतःला केवळ खर्च आटोक्यात ठेवण्याचे साधन होऊ दिले नाही. १९९० मध्ये केस मॅनेजरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९९३ पासून प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. योजनेने पद दिले. पण त्या पदाची पात्रता व आचारसंहिता व्यवसायाने स्वतः ठरविली.

महाराष्ट्रातील प्रारंभ

भारतात या व्यवसायाची पायाभरणी मुंबईत झाली. नागपाडा वस्तीत काम करणारे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्त निधीच्या साहाय्याने १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ ही देशातील पहिली समाजकार्य प्रशिक्षण संस्था सुरू झाली. पुढे ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. त्याच वर्षी सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालानेही रुग्णालयांत प्रशिक्षित समाजसेवकांची गरज प्रतिपादन केली. टाटा संस्थेत डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांनी वैद्यकीय व मनोविकृती समाजकार्य या शाखेची उभारणी केली. मुंबईचे निर्मला निकेतन (१९५५) आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) यांनी प्रशिक्षणाचे क्षेत्र विस्तारले.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद रूढ झाले. नातेवाइकांशी संपर्क साधणे, विश्वस्त संस्थांकडून औषधांसाठी मदत मिळविणे, बेवारस रुग्णांचे पुनर्वसन करणे अशी अनेकविध कामे या पदाकडे आली. मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या खेड्यापाड्यांतील रुग्णांच्या निवाऱ्याचा प्रश्न संत गाडगे महाराजांच्या धर्मशाळांनी हलका केला होता. अशा धर्मादाय व्यवस्थेपर्यंत रुग्णाला नेऊन पोहोचविणारा दुवा म्हणजे हा समाजसेवक. या टप्प्यावर सोबतीचे काम प्रधान होते. मात्र ते मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांपुरते सीमित राहिले.

संगमनेर परिसर : रुग्णाचा प्रवास

प्रवरेच्या काठावरील संगमनेर हे नाशिक-पुणे महामार्गावरील बाजारपेठेचे शहर आहे. तालुक्यातील शेतकरी, विडी कामगार व हंगामी मजूर यांच्याबरोबरच पश्चिमेकडील अकोले तालुक्यातील आदिवासी गावांतील रुग्णही येथील दवाखान्यांत येतात. शहरालगत घुलेवाडी येथे ग्रामीण रुग्णालय आहे. आजार गुंतागुंतीचा असेल तर रुग्णाला लोणी, अहिल्यानगर, सुमारे ७० किलोमीटरवरील नाशिक किंवा सुमारे १४० किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते. अर्थात येथील रुग्णाच्या दृष्टीने उपचार हा एका इमारतीत पूर्ण होणारा व्यवहार नसून तीन-चार ठिकाणांचा प्रवास असतो.

या जिल्ह्याला आरोग्यसेवेच्या प्रयोगांची मोठी परंपरा लाभली आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आरोग्यसेविका घडविल्या. लोणी येथे १९७६ मध्ये प्रवरा ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. सहकारी साखर कारखानदारीने ज्या परिसराचे अर्थकारण बदलले, तेथेच ग्रामीण भागासाठी मोठे रुग्णालय उभे राहिले, ही बाब उल्लेखनीय आहे. अहमदनगर महाविद्यालयाच्या परंपरेतील सी. एस. आर. डी. या संस्थेने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण जिल्ह्यातच उपलब्ध करून दिले.

या तिन्ही धाग्यांकडे एकत्रित पाहता एक विसंगती दिसते. जामखेडने रुग्णाच्या घरापर्यंत सोबत कशी करावी हे दाखविले. लोणीने रुग्णालय जवळ आणले. समाजकार्य महाविद्यालयाने मनुष्यबळ घडविले. परंतु गावातील आरोग्यसेविका व मोठे रुग्णालय यांमधील मार्गावर रुग्णासोबत राहणारे प्रशिक्षित पद ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर स्थिरावले नाही. तेथे समुपदेशकांची पदे आली ती मुख्यतः एचआयव्हीसारख्या विशिष्ट कार्यक्रमांना बांधलेली.

योजनांचा कालखंड

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या व्यवसायाची दिशा योजना व कायदे यांनी निश्चित केली. १९९७ च्या जीवनदायी योजनेनंतर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वार्षिक दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यातून मिळू लागले. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली आणि जुलै २०२४ पासून संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपये होऊन व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढली.

या योजनेने ‘आरोग्यमित्र’ हे पद निर्माण केले. अंगीकृत रुग्णालयाच्या दर्शनी भागात बसणारा आरोग्यमित्र हा आज ग्रामीण महाराष्ट्रातील रुग्णाला भेटणारा बहुधा पहिला, आणि अनेकदा एकमेव, केस मॅनेजर आहे. शिधापत्रिका व ओळखपत्र तपासणे, नोंदणी करणे, पूर्वमंजुरीच्या प्रक्रियेत मदत करणे, रुग्ण घरी जाताना कागदपत्रे पूर्ण करणे ही त्याची कामे होत. महागड्या शस्त्रक्रियांची दारे ज्यांना बंद होती त्यांच्यासाठी ती उघडण्यात या पदाचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येणार नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या दिशेनेही हे काम आकारास येत होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखणे बंधनकारक झाले. रुग्णाची आर्थिक स्थिती पडताळण्याची जबाबदारी वैद्यकीय समाजसेवकावर आली. अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्यारोपण समन्वयकाची नियुक्ती आवश्यक ठरविली व २०१४ च्या नियमांनी त्याची शैक्षणिक पात्रताही नमूद केली.

सद्यःस्थितीतील आव्हाने

पहिले आव्हान कामाच्या स्वरूपाचे आहे. आरोग्यमित्र असो वा धर्मादाय रुग्णालयातील समाजसेवक, दोघांच्याही कामाचा मोठा भाग पात्रता तपासण्यात खर्च होतो. १८९५ मध्ये लंडनच्या बाह्यरुग्ण विभागात मेरी स्टुअर्ट यांच्याकडे जे काम सोपविले होते, त्याच ठिकाणी हा व्यवसाय फिरून आला आहे की काय, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. कागद पूर्ण असलेल्या रुग्णाला फारशी अडचण येत नाही. ज्याच्या शिधापत्रिकेवर नाव नाही, आधार कार्डावरील नाव जुळत नाही, किंवा जो ऊसतोडणीसाठी जिल्ह्याबाहेर आहे, त्याला खऱ्या अर्थाने समन्वयकाची गरज असते. आणि नेमक्या त्याच्याच बाबतीत तपासणीचे काम सोबतीच्या कामावर मात करते.

दुसरे आव्हान घरी परतल्यानंतरचे आहे. २०१२ च्या योजनेत रुग्णालयातून सुटल्यावर दहा दिवसांपर्यंतच्या औषधांची आणि निवडक उपचारांच्या पाठपुराव्याची तरतूद होती. उदाहरणादाखल, अकोल्याच्या डोंगराळ भागातील एखाद्या शेतमजुराची हृदयशस्त्रक्रिया नाशिकला योजनेतून पार पडली, असे मानले तर अकराव्या दिवशी गोळ्या कोठून आणायच्या, रक्ततपासणी कोठे करायची आणि त्रास झाल्यास कोणाला विचारायचे, हे त्याला सांगणारे कोणी असते काय? २००५ पासूनच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानामुळे गावात आशा स्वयंसेविका आहे आणि नाशिकला आरोग्यमित्र आहे. या दोघांना एका रुग्णाच्या निमित्ताने जोडणारी कडी मात्र क्षीण आहे. शस्त्रक्रिया ही योजनेच्या लेखी प्रकरणाची समाप्ती असते, रुग्णाच्या लेखी ती सुरुवात असते.

तिसरे आव्हान शिक्षण व दर्जाचे आहे. प्रत्यारोपण समन्वयकाची पात्रता नियमांत नमूद आहे; आरोग्यमित्राच्या कामाला मात्र समाजकार्याच्या शिक्षणाशी जोडणारी तशी वैधानिक व्यवस्था नाही. त्याची नेमणूक त्रयस्थ प्रशासक कंपन्यांमार्फत होत असल्याने सेवेचे स्थैर्य व बढतीची वाट हे प्रश्न अनुत्तरित राहतात. योजनेचा कंत्राटदार बदलतो तेव्हा अनुभवी मनुष्यबळाचे काय होते, याकडे धोरणकर्त्यांनी लक्ष देणे अगत्याचे आहे.

या संदर्भात राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ हा महत्त्वाचा टप्पा होय. या कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय व मनोविकृती समाजसेवकांचा समावेश असून राज्य परिषदांमार्फत नोंदणीची तरतूद आहे. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात सुरू झालेल्या व्यवसायाला वैधानिक ओळख मिळण्यास पंचाहत्तर वर्षे लागली. ही ओळख आरोग्यमित्रापर्यंत पोहोचते की नाही, यावर तिचे सामाजिक मूल्य ठरेल.

निष्कर्ष

१) महाराष्ट्रात केस मॅनेजरचे काम नवे नाही, मात्र प्रत्येक नव्या योजनेबरोबर त्याचे नाव बदलत गेल्याने व्यवसाय म्हणून त्याची सलग परंपरा निर्माण होऊ शकली नाही.
२) पद निर्माण करणारी यंत्रणा खर्चाचा विचार करते व म्हणून पात्रता तपासणीला प्राधान्य देते. सोबतीचे काम टिकविण्याची जबाबदारी व्यवसायाला शिक्षण व संघटनेच्या बळावर स्वतःच पार पाडावी लागते.
३) ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर, कोणत्याही एका कार्यक्रमाला न बांधलेले प्रशिक्षित समाजसेवकाचे पद असणे संगमनेरसारख्या परिसरात आवश्यक आहे.
४) कार्यरत आरोग्यमित्रांसाठी अल्पमुदतीचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम जिल्ह्यातील समाजकार्य व अन्य महाविद्यालयांना सुरू करता येतील. स्थानिक महाविद्यालयांच्या दृष्टीने हे सहजसाध्य असे विस्तारकार्य ठरेल.
५) रुग्ण घरी जाताना त्याची माहिती गावातील आशा स्वयंसेविकेकडे देणे हा आरोग्यमित्राच्या कामाचा अधिकृत भाग व्हावा.

जामखेडच्या प्रयोगाने अल्पशिक्षित स्त्रीदेखील रुग्णाच्या पाठीशी उभी राहू शकते हे याच जिल्ह्यात सिद्ध केले आहे. त्या अनुभवाला रुग्णालयाच्या दारापर्यंत आणणे हे पुढील काळातील कार्य होय. दारात बसलेला माणूस कागद पाहून थांबतो, की रुग्णाबरोबर उठून चालू लागतो, यावरच या व्यवसायाचे भवितव्य अवलंबून आहे.